लोणारच्या काठावरून चंद्राची पाठ

चंद्राची जी बाजू पृथ्वीवरून कधीच दिसत नाही, तिच्या दक्षिण भागात होमी भाभांच्या नावाचे एक विवर आहे. व्यास सुमारे ६४ किलोमीटर, मध्यभागी डोंगर, आणि दक्षिणेला शेजारी त्याहून मोठे, जगदीशचंद्र बोसांच्या नावाचे विवर. भाभांचे नाव त्याला १९७० साली मिळाले. ही दोन्ही विवरे ज्या दक्षिण ध्रुव–एटकेन खोऱ्यात आहेत, ते खोरेही एका प्रचंड आघाताचेच, सुमारे अडीच हजार किलोमीटर रुंदीचे. भाभा विवरात आजवर एकही यान उतरलेले नाही. तिथला खडक कोणी हातात घेतलेला नाही.

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या वाटेने निघाले की दीडशेएक किलोमीटरवर बुलढाणा जिल्ह्यात लोणार येते. तिथले विवर १.८ किलोमीटरच्या आसपास रुंद, कडेपासून तळ्याच्या पाण्यापर्यंत सुमारे १४० मीटर खोल. भाभा विवरापुढे ते चिमुकले ठरते. तरीही आघाताने बेसॉल्ट खडकाचे काय होते, तो कसा चिरडतो, वितळतो, उडतो आणि पुन्हा कुठे पडतो, हे पायी हिंडून पाहण्याची जगातली सर्वांत चांगली जागा लोणारच आहे. चंद्राच्या विवरांविषयी बोलताना शास्त्रज्ञ गेली पन्नास वर्षे लोणारला वळसा घालून जाऊ शकलेले नाहीत. मराठवाडा–विदर्भात मात्र लोणारची चर्चा होते ती तळे, देवळे आणि पाण्याचा रंग यांची. विवराची चर्चा अर्धवट राहते, आणि त्या अर्धवटपणाची किंमत विवरच मोजते आहे. म्हणून या प्रश्नाचा सगळा पट एकदा मांडायला हवा.

लोणार जगाला नवे नव्हते. दैत्यसूदनाचे देऊळ, विष्णूने मारलेल्या लवणासुराची कथा, बारमाही वाहणारी धार, तळ्याकाठची कमळजादेवी हे सगळे इथल्या माणसांच्या जगण्याचा भाग आहे. तळ्यातल्या खाराचा उल्लेख ‘ऐन-ए-अकबरी’त आहे, साबण आणि काच करायला तो खार उपयोगी पडे. १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने विवराची नोंद केली, आणि त्यानंतर एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक भूवैज्ञानिकांनी तेच ठरवले जे त्या काळी स्वाभाविक होते: सगळीकडे ज्वालामुखीचा खडक, मध्येच गोल खड्डा, म्हणजे हा ज्वालामुखीचाच उद्योग. फरक एवढाच की कोणी म्हणे स्फोट झाला, कोणी म्हणे जमीन खचली. १९१२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि क्रिस्टी यांनी लोणारचा तपशीलवार अभ्यास छापला, तोही ज्वालामुखीच्याच चौकटीत.

यात एक गंभीर अडचण होती. दख्खनचे लाव्हा थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हापासून इथे ज्वालामुखी शांत आहे. लोणारची कड मात्र इतकी टवटवीत की पाऊस-वाऱ्याने तिला कोट्यवधी वर्षे झिजवले असे कोणी म्हणू शकणार नाही. खडक अतिप्राचीन आणि खड्डा ताजा. मग स्फोट घडवायला आग आली कुठून?

त्याआधी, १८९०च्या दशकात, अमेरिकेत जे घडले, त्यात लोणारची भूमिका फारशी कोणाला ठाऊक नाही. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा मोठा माणूस. चंद्रावरची विवरे आघाताने झाली असे त्याने १८९३ साली ठामपणे मांडले, आणि ते बरोबर होते. पण अॅरिझोनातल्या ज्या विवराला आज मिटिऑर क्रेटर म्हणतात, तिथे जाऊन त्याने उलट निष्कर्ष काढला: हा वाफेचा स्फोट. १८९६ साली या निष्कर्षाच्या बाजूने त्याने जे दाखले दिले त्यांत एक लोणारचा होता. ज्वालामुखीच्या मुलखातला, आजूबाजूला लाव्हा न सांडलेला, गोल खड्डा. एका आघातविवराचा पुरावा दुसरे आघातविवर नाकारण्यासाठी वापरला गेला, आणि हे चंद्रावरचे आघात ओळखणाऱ्या माणसाकडून झाले. मला यात गिल्बर्टचा उणेपणा दिसत नाही. आकारावरून निर्णय करायला गेले की इतक्या मोठ्या बुद्धीचीही फसगत होते, हे त्यातून कळते. पुरावा आकारात नसतो, खडकाच्या कणांत असतो. अॅरिझोनाचा वाद १९६० साली मिटला तोही कणांमुळेच: तिथल्या वालुकाश्मात कोएसाइट हे प्रचंड दाबाखालीच तयार होणारे खनिज सापडले.

लोणारला ही युक्ती चालत नव्हती. कोएसाइट क्वार्ट्झपासून बनते. जगभरच्या आघातविवरांची ओळख पटते ती बहुतेक वेळा क्वार्ट्झच्या कणांतल्या विशिष्ट समांतर रेषांवरून. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ जवळपास नसतेच. वेरूळचे कैलास लेणे ज्या खडकात कोरले, तोच हा काळा खडक, आणि आघाताची नेहमीची साक्ष देणारे खनिज त्याच्या पोटात नाही. त्यामुळे लोणारचा पुरावा वेगळ्या जागी शोधावा लागला.

१९६४ साली यूजीन लाफाँड आणि रॉबर्ट डीट्झ या दोन समुद्रशास्त्रज्ञांनी लोणार हे उल्काविवर असावे असे लिहिले, पण शीर्षकात प्रश्नचिन्ह ठेवून. निकाल आला २५ मे १९७३च्या ‘सायन्स’ या नियतकालिकात. स्मिथसोनियनचे कुर्ट फ्रेडरिक्सन, अमेरिकी सर्वेक्षणाचे डॅनियल मिल्टन, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ए. दुबे आणि एम. एस. बालसुंदरम यांनी मिळून हा लेख लिहिला. तळ्यात घेतलेल्या छिद्रांतून शंभरेक मीटर गाळ ओलांडून खाली गेल्यावर चिरडलेल्या बेसॉल्टचा जाड थर लागला, आणि त्यात मॅस्केलिनाइट सापडले. बेसॉल्टमध्ये प्लॅजिओक्लेज नावाचे फेल्डस्पार भरपूर असते. त्यावर दोन लाख वातावरणांहून अधिक दाब क्षणार्धात पडला, की त्याची स्फटिकरचना मोडते आणि स्फटिकाचा बाह्य आकार कायम राहून आत नुसती काच उरते. वितळायला वेळच मिळत नाही. पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्वालामुखीत असा दाब येत नाही. हा पदार्थ जगात पहिल्यांदा ओळखला गेला तोही भारतात पडलेल्या दगडात: १८६५ साली बिहारमध्ये शेरघाटीला पडलेल्या, आणि पुढे मंगळावरचा ठरलेल्या उल्केत.

लोणारच्या निकालाचे १९७३ हे साल लक्षात घेण्याजोगे आहे. १९६९ ते १९७२ या काळात अपोलो यानांनी चंद्रावरचे दगड आणि धूळ आणली होती. त्या धुळीत काचेचे सूक्ष्म गोल कण होते, मॅस्केलिनाइट होते, चिरडून पुन्हा घट्ट झालेला बेसॉल्ट होता. हे सगळे पृथ्वीवर एकाच ठिकाणी, बेसॉल्टमध्येच, पाहायचे तर लोणार. १९७६ साली सुझन किफर आणि सहकाऱ्यांनी लोणारच्या दगडांचे दाबानुसार वर्ग पाडले: नुसत्या भेगा पडलेला, फेल्डस्पार काच झालेला, फेल्डस्पार वितळून वाहू लागलेला, आणि शेवटी सगळाच वितळलेला. चंद्रावरून किंवा मंगळावरून आलेल्या दगडाने किती मार खाल्ला आहे हे सांगताना आजही ही वर्गवारी कामी येते.

‘बेसॉल्टमधले जगातले एकमेव विवर’ हे वाक्य पर्यटनाच्या फलकांपासून शालेय पुस्तकांपर्यंत सगळीकडे आहे. ते आता सोडून द्यावे. ब्राझीलमध्ये पारानाच्या लाव्हा प्रदेशात व्हिस्ता आलेग्रे आणि व्हार्जेआओ ही आघातविवरे आहेत, सायबेरियात लोगांचा आहे. ‘जगातले तिसरे मोठे’ हे तर सपशेल चूक. दक्षिण आफ्रिकेतल्या व्रेडेफोर्टपासून मेक्सिकोतल्या चिक्शुलुबपर्यंत शेकडो किलोमीटरच्या घरातली विवरे आहेत. भारतातच मध्य प्रदेशातले ढाला आणि राजस्थानातले रामगढ लोणारहून मोठे आहेत. लोणारला खोट्या विक्रमांची गरज नाही. ब्राझीलची विवरे कोट्यवधी वर्षांत झिजून गेली. त्यांची कड, उडालेला मलबा, काचेचे थेंब यांतले फार थोडे उरले. लोणारमध्ये ते सगळे जागच्या जागी आहे. बेसॉल्टमधले हे सर्वांत चांगले टिकलेले विवर आहे, आणि तेवढे म्हणणे पुरेसे मोठे आहे.

तरी लोणारकडून चंद्राच्या पाठीविषयी काय शिकता येत नाही, तेही सांगायला हवे. पृथ्वीवर दोन ते चार किलोमीटरच्या पुढची विवरे वाटीसारखी राहत नाहीत. कडा आत ढासळतात आणि मध्य उसळून डोंगर होतो. चंद्रावर गुरुत्व कमी, म्हणून ही मर्यादा पंधरा-वीस किलोमीटरपर्यंत सरकते. म्हणजे लोणार हे चंद्रावरच्या लहान, साध्या विवरांचे प्रतिरूप आहे. भाभा विवराच्या मधले डोंगर कसे उभे राहिले, ते लोणार सांगू शकणार नाही. शिवाय लोणारला पाणी आहे, मान्सून आहे, माती आहे. आघातानंतर उरलेल्या उष्णतेत पाणी शिरून लोणारच्या खडकात चिकणमातीची खनिजे तयार झाली. जस्टिन हॅगर्टी आणि हॉर्टन न्यूसम यांनी २००३ साली त्यांचा अभ्यास केला तो मंगळाच्या संदर्भात. कोरड्या चंद्राला ते लागू होत नाही.

जे शिकता येते ते मात्र मोलाचे आहे. पहिले, उडालेल्या मलब्याविषयी. चीनचे चांग-ई ४ हे यान ३ जानेवारी २०१९ रोजी चंद्राच्या पलीकडच्या बाजूवर, व्हॉन कारमान विवरात उतरले. तिथे उतरणारे ते पहिलेच. विवराचा तळ लाव्हाने भरलेला. पण यूटू-२ या गाडीने जी धूळ तपासली, तिचा मोठा भाग त्या लाव्हाचा नव्हताच. शेजारच्या फिन्सेन विवरातून उडून आलेला होता. एका विवरात उभे राहून दुसऱ्या विवराची माती तपासायची, अशी ती अवस्था. चंद्रावर ही अडचण सर्वत्र आहे, कारण तिथे कुठलीच जागा एकाच आघाताची नाही. मग उडालेला मलबा आपल्या मूळ जागेचे काय सांगतो, हे समजून घ्यायला असे विवर हवे जिथे दुसरे कोणी ढवळाढवळ केलेली नाही आणि खालचा मूळ खडक माहीत आहे. लोणारच्या कडेवर लाव्हाचे थर उलटे पालथे पडलेले दिसतात, खालचा वर आणि वरचा खाली. बाहेर कडेपासून किलोमीटरभराहून अधिक पसरलेल्या मलब्यात खालचा भाग जमिनीलगत घसरत गेलेल्या, फारसा दाब न सोसलेल्या ढेकळांचा. त्यावर जेमतेम मीटरभर जाडीचा, वितळलेल्या काचेने भरलेला थर. त्याखाली काही ठिकाणी आघातापूर्वीची माती जशीच्या तशी गाडलेली आहे. २०१० साली अॅडम मालूफ आणि सहकाऱ्यांनी या सगळ्याचा नकाशा काढला. चंद्राच्या पलीकडच्या बाजूवरची धूळ वाचताना आधार घ्यावा तो अशा नकाशाचा. मलब्याच्या पसाऱ्यावरून सौमित्र मिश्रा आणि सहकाऱ्यांनी असेही दाखवले की आघात पूर्वेकडून तिरका झाला असावा, आणि काचेतल्या निकेल, क्रोमियम, कोबाल्टच्या वाढीव प्रमाणावरून आदळलेला पिंड कॉन्ड्राइट या दगडी उल्कांच्या जातीचा होता.

दुसरे, चुंबकत्वाविषयी. चंद्राला आज चुंबकक्षेत्र नाही. तरी पलीकडच्या बाजूवर, दक्षिण ध्रुव–एटकेन खोऱ्याच्या उत्तर कडेला, चंद्रावरचे काही सर्वांत जोरकस चुंबकीय पट्टे आहेत. आदळलेल्या पिंडातले लोखंड तिथे साचले, असे एक मत. आघाताच्या वेळी उठलेल्या विद्युतभारित वायूनेच क्षणभर चुंबकक्षेत्र तयार केले आणि खडकाने ते टिपले, असे दुसरे. दुसरे मत तपासायचे तर आघाताच्या क्षणी घडलेल्या वस्तू हव्यात. बेंजामिन वाइस आणि सहकाऱ्यांनी २०१० साली लोणारचे काचेचे थेंब त्यासाठी तपासले. आघाताने चुंबकक्षेत्र निर्माण झाल्याची खूण त्यांत मिळाली नाही. थेंब हवेत गरगरत थंड झाले असावेत, त्यामुळे त्यांतल्या चुंबकत्वाला एक दिशा नाही. हा नकार अंतिम नाही, पण चंद्राच्या पाठीवरचे एक कोडे बुलढाण्यातल्या वाळूच्या कणाएवढ्या थेंबावर तपासले जाते, हे मला फार मोठे वाटते.

तिसरा मुद्दा वयाचा, आणि इथे लोणार स्वतःच अडले आहे. चंद्रावरच्या जमिनीचे वय विवरे मोजून काढतात: जितकी विवरे जास्त, तितकी जमीन जुनी. पण ही मोजणी वर्षांत बदलायची तर कुठेतरी खरा दगड हातात लागतो. २०२४च्या जूनमध्ये चांग-ई ६ ने अपोलो खोऱ्यातून पलीकडच्या बाजूची पहिली माती आणली, १९३५ ग्रॅम. त्यातल्या बेसॉल्टचे वय सुमारे २८० कोटी वर्षे निघाले, आणि पुढे दक्षिण ध्रुव–एटकेन आघाताचे वय सुमारे ४२५ कोटी. तीन लाख ऐंशी हजार किलोमीटरवरच्या, न दिसणाऱ्या खोऱ्याचे वय आपल्याला असे कळते. लोणारचे वय मात्र अजून दहापटीहून अधिक फरकात लटकते आहे. १९९७ साली थर्मोल्युमिनेसन्सने काचेचे वय सुमारे ५२ हजार वर्षे आले. २०११ साली फ्रेड जुर्दाँ आणि सहकाऱ्यांनी आर्गॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार काढले. २०१४ साली कडेवरच्या खडकात अवकाशकिरणांमुळे जमलेल्या अणूंवरून सुमारे ३७ हजार.

या आकड्यांची सरासरी काढण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक पद्धत वेगळ्या दिशेने चुकू शकते. लोणारची काच साडेसहा कोटी वर्षांच्या बेसॉल्टची बनली. पूर्ण वितळली नसेल तर जुन्या खडकातला आर्गॉन तिच्यात अडकून राहतो आणि वय खोटेच वाढते. जुर्दाँच्या गटाने हा धोका ओळखून त्यासाठी दुरुस्ती केली, हे त्यांच्या बाजूने. उलट कडेवरचा खडक झिजत राहिला तर आज उघडा असलेला पृष्ठभाग आघातावेळचा नसतो, आणि वय कमी दिसते. मान्सूनच्या मुलखात झीज शून्य धरणे धाडसाचे आहे. माझा स्वतःचा कल गाळाकडे आहे. सुषमा प्रसाद आणि सहकाऱ्यांनी तळ्यातून घेतलेल्या दहा मीटर गाळात गेल्या सुमारे ११ हजार वर्षांचा मान्सून वाचता आला. तळ्याखाली गाळ शंभर मीटरच्या आसपास. तोच वेग धरला तर विवराचे वय एक लाख वर्षांच्या पुढे जाते; खालचा गाळ दबून पातळ झालेला असतो, हे धरले तर आणखी मागे. हा अगदी ढोबळ हिशेब आहे आणि गाळ साचण्याचा वेग युगायुगांत बदलतो. पण ३७ हजारांत शंभर मीटर भरायचे, तर पूर्वी गाळ आजच्या कित्येक पट वेगाने साचला असे मानावे लागेल. त्यामुळे तरुण आकडे मला पटत नाहीत. गाळाच्या तळापर्यंत जाणारे, पूर्ण जपलेले नवे छिद्र घेतले तर हा वाद मिटू शकतो, आणि सोबत लाख-दोन लाख वर्षांचा मान्सूनही हाती येईल.

आता जतनाविषयी. १९७९ साली लोणारला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हटले गेले, २००० साली अभयारण्य झाले, २०२० साली रामसर करारातली पाणथळ जागा. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले आणि देशभरच्या बातम्यांत लोणार आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे झाल्याचे दाखवले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात सांडपाणी, अतिक्रमणे, वेडी बाभूळ यांवर वर्षानुवर्षे सुनावणी झाली, आणि ती झाली म्हणून काही कामे हलली. हे सगळे आवश्यक आहे. पण अभयारण्य काय किंवा रामसर काय, दोन्हींचे लक्ष वाटीच्या आत आहे: पाणी, पक्षी, झाडे. चंद्राशी नाते सांगणारा भाग बहुतांशी वाटीच्या बाहेर आहे. तो मलबा शेतांत, रस्त्यांच्या कडेला, विहिरींच्या आणि पाझर तलावांच्या खोदकामांत उघडा पडतो. काळापाणी आणि किन्हीच्या परिसरातल्या अशा खोदकामांतून संशोधकांना काच आणि थेंब मिळाले. तिथला शेतकरी आपल्या शेतात काय आहे हे जाणत नाही, कारण त्याला कोणी सांगितलेलेच नाही. रस्त्यासाठी मुरूम म्हणून उचललेला मीटरभर जाडीचा थर पुन्हा कधीही तयार होणार नाही.

विवराच्या उत्तरेला सातशेएक मीटरवर असलेले अंबर तळे हा असाच दुर्लक्षित प्रश्न. मूळ पिंडाचा तुकडा तिथे पडला, असे काहींनी मांडले. मालूफ यांच्या गटाला तिथे आघाताचा पुरावा दिसला नाही. शेजारी निद्रिस्त मारुतीचे देऊळ आहे आणि ती मूर्ती उल्केच्या दगडाची असल्याची श्रद्धा गावात आहे. अंबर तळ्याचा निर्णय काही उथळ छिद्रे घेऊन लागू शकतो. सगळ्या मलब्याचा, शेतगटांच्या क्रमांकांसह, मराठीतला नकाशा काढणेही अवघड नाही. संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे, एमजीएमचे अंतराळ विज्ञान केंद्र आहे. लोणार इथून एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. दर हिवाळ्यात विद्यार्थ्यांच्या तुकड्यांनी कडेबाहेरच्या चारही दिशांना फिरून उघडे पडलेले थर टिपले, शेतमालकाशी बोलून जागा नोंदवली, आणि ती नोंद भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे व ग्रामपंचायतीकडे दिली, तर काही वर्षांत तो नकाशा पूर्ण होईल. तळ्यातले खोल छिद्र महाग आहे आणि त्याला दिल्लीची परवानगी लागेल. या नकाशाला लागतात ते हातोडी, जीपीएस आणि शेतकऱ्याचा होकार.